मशीननं उचललेला हात आणि आपण उचललेला हात: फरक नेमका कुठं असतो?

मांजराकाठ
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळायलाय.

दोन वर्षांमागं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं दोन-तीन महिन्यांत परत आलं, चालणं काठीवर आलं, हात मात्र राहिला. आता आठवड्यातनं दोनदा फिजिओथेरपीवाला पोरगा घरी येतो, मनगटाच्या वर दोन चिकटपट्ट्या लावतो आणि करंटची मशीन चालू करतो. करंट गेला की मनगट वर येतं, बोटं उघडतात. पहिल्या दिवशी ते बघून आईनं देवापुढं साखर ठेवली. अण्णा मात्र गप्प. संध्याकाळी म्हणाले, "हात त्यानं उचलला. मी कुठं उचलला?"

मग गेल्या महिन्यात बाजेवर पडल्या पडल्या, मशीन नसताना, त्यांनी करंगळी हलवली. एवढीशी, की आम्हाला दिसलीही नाही. त्यांनीच हाक मारून सांगितलं, "ही मी हलवली."

मशीनची हालचाल कितीतरी मोठी होती, तरी ती त्यांनी आपली मानली नाही. करंगळी मानली. हा फरक त्यांना कशानं कळला? यावर वाचायला बसलो तर बेंजामिन लिबेट हा अमेरिकेतला मेंदूशास्त्रज्ञ भेटला. तो म्हणतो, आपण 'ठरवलं' असं आपल्याला वाटायच्या आधीच मेंदूत हालचालीची तयारी सुरू झालेली असते. हे खरं असेल तर अण्णांचा 'मी' गेला कुठं? आणि आता मेंदूत चिप बसवून मनातला हेतू वाचायलेत, त्यातनं यावर काही उजेड पडतो का? जाणकारांनी सांगावं.

हुरडा
रविवार, रात्री ९:५८

आमचा सर्जा बैल नांगराचं तास संपायच्या चार पावलं आधीच वळतो, कासरा ओढायची गरज पडत नाही. आधी त्याच्या डोक्याला वायरी लावा, लिबेटसाहेबांचं काम सोपं होईल.

अण्णांच्या करंगळीबद्दल मनापासून आनंद झाला.

मज्जातंतू
रविवार, रात्री ११:१५

अंबाजोगाईत शिकलो, आता मेंदूविकाराचं पुढचं शिक्षण चालू आहे. जमेल तसं सांगतो.

सुरुवात लिबेटच्या आधीची. १९६४-६५ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला कॉर्नह्यूबर आणि डीके यांनी माणसांना मनाला येईल तेव्हा बोट हलवायला सांगितलं आणि डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी मेंदूतली विद्युत हालचाल मोजली. एका वेळची नोंद म्हणजे नुसता गोंगाट. शेकडो नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढली तेव्हा दिसलं, की हालचालीच्या सेकंदभर किंवा त्याहूनही आधीपासून एक रेघ हळूहळू सरकत जाते. तिला तयारीचा विभव म्हणू.

लिबेटनं १९८३ मध्ये त्यात घड्याळ आणलं. पडद्यावर एक ठिपका गोल फिरायचा, एका फेरीला २.५६ सेकंद. माणसानं मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि 'आता हलवावं' ही इच्छा जाणवली तेव्हा ठिपका कुठं होता ते नंतर सांगायचं. इच्छा जाणवली हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधी. मेंदूतली रेघ सरकायला लागली होती साधारण ५५० मिलिसेकंद आधी. मधला जो एक तृतीयांश सेकंद, त्यावर चाळीस वर्षं वाद चालू आहे.

मात्र लिबेट स्वतः स्वतंत्र इच्छा नाकारत नव्हता, हे बऱ्याच लेखांत राहून जातं. त्याचं म्हणणं, सुरुवात मेंदू करत असेल, पण इच्छा जाणवल्यानंतरही 'नको' म्हणून थांबवायला माणसाला थोडा वेळ उरतो.

परभणीची_लेक
सोमवार, सकाळी ७:०५

माझी आजी सप्ताहातलं कीर्तन ऐकून आली की म्हणायची, करता करविता तो, आपण नुसतं निमित्त. आणि दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं की मला विचारायची, "लक्ष कुठं होतं गं तुझं?" मी म्हणायचे, करविता तो. तेव्हा फटका मिळायचा. आता कळतं, आजीचं दोन्ही खरं होतं. मोठ्या गोष्टीचा गर्व नको म्हणून करविता तो, आणि दुधाकडं बघायचं काम आपलं.

गोदाकाठ_गणित
सोमवार, सकाळी १०:३०

@मज्जातंतू, चांगलं मांडलंत, पण 'सरासरी काढली' या दोन शब्दांत खरी गोम आहे.

नांदेडचं उदाहरण घ्या. जुन्या पुलावरनं गोदावरीचं पाणी गेलेले दिवस तेवढे निवडले आणि प्रत्येकाच्या आधीचे बारा तास मागं मोजले, तर काय दिसेल? दरवेळी पाणी आधीपासून चढतच होतं. मग आपण म्हणणार, नदीनं पूल बुडवायचं बारा तास आधीच ठरवलं होतं. पण ज्या दिवशी पाणी तसंच चढलं आणि पुलाला न शिवता उतरलं, ते दिवस आपण मोजलेच नाहीत. पुलावरनं गेलेल्याच दिवसांची सरासरी काढली, तर चढती रेघ निघणारच.

शर्गर, सिट आणि दहान यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं. मेंदूत आपोआप वरखाली होणारी चढउतार सतत चालू असते. 'मनाला येईल तेव्हा हलव' म्हटल्यावर वेळ ठरवायला बाहेरचं कारण काहीच नसतं, म्हणून ही चढउतार एक पातळी ओलांडते तेव्हा हालचाल होते. मागं वळून सरासरी काढली की ती तयारीसारखी दिसते. त्यांचं मॉडेल बरोबर असेल, तर त्या रेघेची सुरुवात म्हणजे निर्णय नव्हे. निर्णय पातळी ओलांडताना होतो, आणि तो क्षण इच्छा जाणवण्याच्या बराच जवळ येतो.

आणखी एक. २००८ मध्ये हेन्स यांच्या गटानं एमआरआयवरून सांगितलं, की डावं बटण दाबणार की उजवं, याचा माग सात सेकंद आधीपासून लागतो. बातम्यांनी ते उचलून धरलं. पण अंदाज बरोबर यायचं प्रमाण होतं ६० टक्क्यांच्या आसपास. नाणं उडवलं तरी ५० येतात.

बालाघाट
सोमवार, दुपारी १:२०

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

दसरा झाला की माझा वर्ग अर्धा होतो. ऊसतोडीला कोयते निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडनं उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. लेकरं कोपीवर. मी दरवर्षी पालकांना विनवतो, पोरीला ठेवून जा, आजीजवळ ठेवा. आई म्हणते, "सर, माझ्या मनावर असतं तर मी पण गेले नसते."

त्या बाईचं बोट तिच्या इच्छेनं हलतं की नाही, ३५० मिलिसेकंद आधी की नंतर, यानं तिच्या स्वातंत्र्यात काय फरक पडतो? बटण दाबणं हे इच्छास्वातंत्र्याचं मोजमाप कसं असू शकतं? खरं बंधन उचलीत आहे, कवटीत नाही.

उमरगेकर
सोमवार, दुपारी ३:४५

बालाघाट सरांशी सहमत, तरी एक अनुभव लिहितो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. मी सहा वर्षांचा. आमचं माळवदाचं घर, जाड दगडी भिंती. मला जाग आली तेव्हा मी अंगणात होतो आणि मागं घर बसलेलं होतं. वडिलांनी मला उचलून बाहेर आणलं होतं. मोठेपणी त्यांना विचारलं, दादा, तुम्हाला भूकंप आहे हे कळलं कधी, मला उचलायचं ठरवलं कधी? म्हणाले, "ठरवलं नाही रे. बाहेर आलो तेव्हा तू हातात होतास."

म्हणजे लिबेटच्या घड्याळात त्यांना ठिपका दाखवताच आला नसता. इच्छा जाणवल्याचा क्षणच नाही. पण गेली तीस वर्षं ते ही गोष्ट "मी पोराला काढलं" अशीच सांगतात. आणि आमच्यापैकी कुणाच्याही मनात कधी आलं नाही, की ते त्यांनी केलं नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर आधी दाराकडं पळालं असतं.

परभणीची_लेक
सोमवार, दुपारी ४:१०

अंगावर काटा आला वाचून. दादांना नमस्कार सांगा.

रेडर_७
सोमवार, संध्याकाळी ६:०२

वीस वर्षं कबड्डी खेळलो. बोनसला पाय टाकताना एक क्षण असतो. त्याच्या आधी डिफेंडर सरकलेला दिसला तर पाय मागं घेता येतो. त्याच्यानंतर दिसला तर पाय जातोच, आणि तो पाय गेलेला तुम्हाला दिसतो. ओरडत असता मनात, नको, नको, पण पाय गेलेला. याच्यावर काही अभ्यास आहे का डॉक्टर?

मज्जातंतू
सोमवार, रात्री १०:५०

@रेडर_७, अगदी यावरच आहे, आणि तो मेंदू-संगणक जोडणीनंच झाला. मूळ प्रश्नाकडं पण त्यातनं जाता येतं.

जोडणीचे ढोबळ दोन प्रकार. एक, डोक्यावर टोपी घालून बाहेरनं मोजणं. दुसरा, शस्त्रक्रिया करून मेंदूतच इलेक्ट्रोड बसवणं. आधीचे सगळे प्रयोग नोंदी जमवून नंतर हिशोब करणारे होते. जोडणी मेंदू वाचते ती त्याच वेळी, माणूस हलायच्या आत.

२०१६ मध्ये बर्लिनच्या गटानं टोपीवाल्यांसोबत खेळ मांडला. समोर हिरवा दिवा, पायाखाली पेडल. दिवा हिरवा असताना पेडल दाबलं तर माणूस जिंकला, लाल झाल्यावर दाबलं तर संगणक. संगणक मेंदूतली ती सरकती रेघ ओळखायला शिकलेला, ती दिसली की लगेच दिवा लाल करायचा. लिबेटच्या प्रयोगावरनं बरेच जण म्हणतात तसं मेंदूनं आधीच सगळं पक्कं केलेलं असेल, तर रेघ सुरू झाल्यावर माणूस थांबूच शकायला नको. पण माणसं थांबली. रेघ सुरू झाल्यानंतरही लाल दिवा बघून पाय रोखला. फक्त हालचालीला २०० मिलिसेकंदांहून कमी वेळ उरला असताना दिवा लाल झाला, तर रोखता आलं नाही. पाय निघायचा. तुमचा 'पाय गेलेला दिसतो' तो हाच पट्टा असावा.

@हुरडा, म्हणून सर्जा वेगळा. तो सवयीनं वळतो हे खरं, पण वळताना वाटेत पोर आडवं आलं तर थांबतो ना?

हुरडा
सोमवार, रात्री ११:०४

थांबतो. गेल्या वर्षी आमच्या पुतणीसाठी थांबला. जू मोडलं, पण थांबला. सर्जाला दिवा लाल दिसला म्हणायचं.

गोदाकाठ_गणित
मंगळवार, सकाळी ९:१५

बर्लिनचा प्रयोग चांगलाच आहे, पण एक लक्षात ठेवा: तिथं लाल दिवा बाहेरनं येतो. लिबेटचा 'नको' आतनं यायला हवा होता. बाहेरच्या इशाऱ्यानं थांबणं आणि आपल्या मनानं थांबणं एकच, हे यातनं सिद्ध होत नाही.

मज्जातंतू
मंगळवार, सकाळी ११:४०

मान्य.

आता @मांजराकाठ यांच्या अण्णांकडं येतो, कारण त्यांचं वाक्य मेंदूविज्ञानात फार जुनं आहे. वाइल्डर पेनफिल्ड मॉन्ट्रियलला जाग्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना हालचालीच्या भागाला करंट द्यायचे. हात हलायचा, आणि रुग्ण म्हणायचे, हे मी नाही केलं, तुम्ही केलंत. अण्णांनी तेच सांगितलं.

२००९ मध्ये फ्रान्समध्ये देसमुर्जे यांच्या गटानं अशाच सात रुग्णांवर आणखी बारीक पाहिलं. मेंदूच्या मागच्या बाजूला, पार्श्वखंडात करंट दिला की रुग्णांना हात किंवा ओठ हलवावेसे वाटायचे. करंट वाढवला तर 'हलवला' असंच वाटायचं, आणि प्रत्यक्षात स्नायू जरासुद्धा हललेला नसायचा. पुढच्या भागात दिला तर उलट. हात चांगला हलायचा आणि रुग्णाला पत्ता नसायचा. म्हणजे इच्छा आणि हालचाल या एकाच दोरीच्या दोन गाठी नाहीत, वेगळ्या सुटतात.

२०११ मध्ये इत्झाक फ्रीड यांनी अपस्माराच्या १२ रुग्णांमध्ये, ज्यांच्या मेंदूत उपचारासाठीच इलेक्ट्रोड घातलेले होते, एकेका पेशीची नोंद घेतली. २५६ पेशी एकत्र धरल्या तर इच्छा जाणवायच्या ७०० मिलिसेकंद आधी ८० टक्क्यांहून जास्त अचूक अंदाज यायचा. गणितवाल्या सरांनी याच्यावर पण विचार करावा, इथं सरासरीच्या रेघेपुरतं प्रकरण राहत नाही.

आणि चिप. ओहायोत इयान बर्कहार्ट नावाच्या तरुणाला मानेचा मणका दुखावल्यानं हात चालत नव्हते. २०१४ मध्ये त्याच्या मेंदूच्या हालचालीच्या भागात चिप बसवली आणि हातावर इलेक्ट्रोडची पट्टी. चिपनं 'मूठ वळ' हा हेतू वाचायचा आणि पट्टीनं त्याच्या स्वतःच्या स्नायूंना करंट द्यायचा. मधला तुटलेला मणका वगळून. अण्णांच्या चिकटपट्ट्या आणि ही पट्टी, करंटचं तत्त्व एकच. फरक एवढाच, की तिथं करंट कधी द्यायचा हे त्याचा हेतू ठरवतो.

अशा जोडणीतनं इच्छेचा अभ्यास करणाऱ्यांना जे कधीच मिळालं नव्हतं ते मिळालं. आपल्या अंगात हेतू आणि हालचाल चिकटून येतात, सुटी काढता येत नाहीत. इथं काढता येतात. हेतू असून हालचाल होऊ द्यायची नाही. हेतू नसताना हात हलवायचा. आणि माणसाला विचारायचं, कुणी केलं?

परभणीची_लेक
मंगळवार, दुपारी १२:३०

पण विचारून काय उपयोग? माणूस काहीही सांगेल. खूश करायला पण सांगेल.

मज्जातंतू
मंगळवार, दुपारी १:०५

ताई, म्हणून न विचारता मोजायची एक रीत आहे. २००२ मध्ये पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आपण स्वतः बटण दाबलं आणि पाव सेकंदानं आवाज आला, तर दाबणं आणि आवाज आपल्याला खऱ्यापेक्षा जवळ जवळ वाटतात. बाहेरनं चुंबकीय धक्का देऊन बोट हलवलं आणि तसाच आवाज आला, तर दोन्ही लांब लांब वाटतात. 'मी केलं' यात वेळ आकसते. हीच रीत पुढं चिपवाल्या माणसाबरोबर पण वापरली गेली.

बालाघाट
मंगळवार, दुपारी २:५०

हे वाचून थोडा थांबलो. माझा मुद्दा मी सोडत नाही. पण एक पोरगी आठवली. सहावीतली, चार महिने फडावर राहून आली. शाळेत काही सांगितलं की करायची, वही काढ म्हटलं की काढायची, पण स्वतःहून काही नाही. पाणी प्यायला पण विचारायची. एका दिवशी तिनं न विचारता खिडकी उघडली. मी वर्गाला गणित देत होतो, मधेच थांबलो. तुमच्या त्या करंगळीसारखं वाटलं, मांजराकाठ. म्हणजे उचलीतलं बंधन आत पण उतरतं.

खंडपीठ
मंगळवार, संध्याकाळी ५:३०

वकिलाचे दोन शब्द. हेतू वाचता येतो म्हटलं की पुढचा प्रश्न पोलिसांचा. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की संमतीशिवाय नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. आधार राज्यघटनेच्या कलम २०(३) चा, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. चिलीनं २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण थेट घटनेत घातलं. हेतू सुरू होणं आणि कृत्य होणं यांच्यामधला जो पट्टा डॉक्टरांनी सांगितला, त्यात थांबलेला माणूस निर्दोष असतो. तो पट्टा कायद्यानं माणसाजवळच ठेवावा, एवढंच म्हणतो.

रेडर_७
मंगळवार, रात्री ८:२०

थोडं वेगळं. माझ्या काकांना पण लकवा झाला होता. त्यांच्या फिजिओनं आरसा वापरला. दोन्ही हातांमध्ये आरसा उभा करायचा, चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं, म्हणजे गेलेला हात हलल्यासारखा दिसतो. रोज अर्धा तास. मनगटाला फरक पडला. अण्णांच्या डॉक्टरांना विचारून बघा.

मांजराकाठ
शनिवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण करून बघत होतो.

डॉक्टरांचं वाचून फिजिओच्या पोराला विचारलं, की करंट एकदम न देता, आधी अण्णांनी उचलायचा जोर लावायचा आणि त्याच क्षणी तू बटण दाबायचं, असं चालेल का? तो म्हणाला, चालतं, उलट चांगलंच. बुधवारी तसं केलं. अण्णांनी "हं" म्हणायचं आणि त्यानं दाबायचं. पहिल्या पाच-सहा वेळा जमलं नाही, करंट आधी यायचा किंवा उशिरा. मग ताल बसला. "हं", आणि हात वर. मी विचारलं, अण्णा, आता कुणी उचलला? बराच वेळ हाताकडं बघत राहिले. म्हणाले, "आता आम्ही दोघांनी."

एकदा आम्ही ठरवून "हं" नसताना बटण दाबलं. हात तेवढाच वर आला. अण्णा त्या पोरावर चिडले, "मी म्हणलो का?" डोळे मिटलेले होते त्यांचे.

आज तो पोरगा आला, पट्ट्या लावल्या, मशीन जवळ ओढली. अण्णांनी डाव्या हातानं एकेक पट्टी सोलून काढली आणि मांडीवर ठेवली. म्हणाले, "आज नको. आज मला नुसतं बसायचंय." ताई रागावली, दोनशे रुपये देऊन बोलावलंय म्हणाली. आई म्हणाली, राहू दे. दोन वर्षांत आम्ही त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं, हात धरून व्यायाम करवला, आणि त्यांनी एकदाही नको म्हटलं नव्हतं. आम्हाला ते बरं वाटायचं, सोपं जायचं.

पोराला चहा पाजून पाठवलं. पट्ट्या अजून त्यांच्या उशाशी आहेत.

मज्जातंतू
शनिवार, रात्री १०:४५

पट्ट्या प्लॅस्टिकवर चिकटवून ठेवा, नाहीतर वाळतील. आणि मंगळवारी परत बोलवायचं का ते अण्णांनाच विचारा.

मांजराकाठ
शनिवार, रात्री १०:५२

ठेवल्या. उद्या सकाळी विचारतो.